कोळसा खाणीच्या ढिगावर लावलेली रोपे पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेली. आता सुरुवात कुठून करावी?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी. नाशिकजवळ मखमलाबाद शिवारात माझी रोपवाटिका आहे. द्राक्षाची खुंटरोपे हा इथल्या बहुतेकांचा धंदा असला, तरी मी सुरुवातीपासून वनीकरणाची आणि बांधावर लावायची रोपेच करत आलो आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये एका कंत्राटदारामार्फत यवतमाळ जिल्ह्यातील वणी भागातल्या, कोळसा काढून संपलेल्या एका खुल्या खाणीच्या ढिगासाठी करंज, शिसू, कडुनिंब, शिवण, आवळा आणि बांबू अशी साडेचार हजार रोपे मी पाठवली आणि लागवडीची व वर्षभराच्या देखभालीची जबाबदारीही अंगावर घेतली. ती घेताना मी ढीग डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, हे आधीच कबूल करतो.

कोळशावरचे सगळे थर काढून बाजूला रचतात, त्याला तिथली माणसे ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. लांबून तो सपाट माथ्याच्या डोंगरासारखा दिसतो, पण वर चढल्यावर पायाखाली पिवळट वाळूखडकाचे तुकडे, राखाडी शेलच्या (चिकणमातीपासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकाच्या) खपल्या, पांढऱ्या चिकणमातीची ढेकळे आणि मधूनच चकाकणारा कोळशाचा चुरा असा सगळा काला असतो. आम्ही दीड फुटाचे खड्डे घेतले, प्रत्येक खड्ड्यात एक घमेले काळी माती आणि शेणखत टाकले, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर लागवड उरकली. आठच दिवसांनी एका रात्री जोराचा पाऊस झाला. सकाळी पाहतो तर माथ्यावर तळे साचून त्याने कड फोडली होती आणि खाली थेट पायथ्यापर्यंत अशी घळ पडली होती, की तिच्यात उभा राहिलो तर माझे खांदे जमिनीच्या पातळीला येत होते. उतारावरच्या आमच्या खड्ड्यांच्या ओळी वरून खाली होत्या; त्यांचे पाट झाले. गाळ शेजारच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये गेला, ती भरपाई वेगळीच.

जी रोपे वाचली, ती पुढच्या मे महिन्यात वाळली. त्यातले एक करंज मी हाताने उपटून पाहिले. अकरा महिन्यांनंतरही मुळ्यांचा गोळा नेमका पिशवीच्या आकाराचा होता; बाहेरच्या मुरमात एकही मुळी शिरलेली नव्हती. माती परीक्षणाच्या अहवालात सामू ७.८ आणि सेंद्रिय कर्बापुढे चक्क ‘अत्यंत जास्त’ असा शेरा आहे, त्यामुळे कंत्राटदाराचे म्हणणे असे की जमीन उत्तम असून दोष माझ्या रोपांचा आहे. यंदा पुन्हा लागवड करून द्यावी लागणार आहे. आपल्याकडे डोंगरउतारावर करतात तसे सलग समतल चर सबंध उतारभर खोदून घ्यावेत, असा माझा विचार आहे. तो योग्य आहे का? आणि कर्ब इतका असूनही मुळ्या का वाढल्या नाहीत?

ओबीवाला

मखमलाबादकर, मी तीस वर्षे खुल्या कोळसा खाणींत सर्व्हेचे काम केले आणि निवृत्तीनंतर पाथर्डी फाट्याला येऊन राहिलो आहे. आपण ज्या ढिगाचे वर्णन केले आहे, तसे पुष्कळ ढीग मी रचले जाताना पाहिलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चरांचा विचार मनातून काढून टाका. महाराष्ट्रात आपण ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे इतकी वर्षे ऐकले आहे की उतार दिसला की हात आपोआप कुदळीकडे जातो. सह्याद्रीच्या उतारावर ते ठीक आहे, कारण तिथे हातभर मातीखाली बेसाल्टचा घट्ट कातळ असतो आणि जिरलेले पाणी झऱ्यावाटे बाहेर पडते. ओबीचा ढीग म्हणजे सुरुंगाने फोडलेला, शॉवेलने उचललेला आणि डंपरने उलटा केलेला भराव असतो. त्याच्या उतारावर आपण पाणी अडवले, तर ते आत मुरून भराव जड आणि निसरडा करते आणि एखाद्या पावसात चरासकट सगळा उतार खाली बसतो. ढिगाच्या उतारावर पाणी अडवायचे नसते; त्याला ठरलेल्या वाटेने, दमादमाने खाली उतरवायचे असते. चर घ्यायचेच असतील, तर ते सपाट पायऱ्यांवर आणि तेही उथळ घ्यावेत.

खाणीच्या खड्ड्याबाहेर रचलेल्या ढिगात सगळे उलटे झालेले असते, हेही ध्यानात ठेवावे. खाण उघडताना जी वरची काळी कसदार माती सर्वांत आधी निघते, ती वेगळी साठवली नसेल तर सर्वांत खाली गाडली जाते, आणि शेवटी निघालेला, कधी उजेड न पाहिलेला खोल थरातला खडक माथ्यावर येतो. शिवाय फोडलेला खडक मूळ जागेपेक्षा अधिक जागा व्यापतो आणि मग कित्येक वर्षे हळूहळू बसत जातो, पण सगळीकडे सारखा बसत नाही. त्यामुळे अशा ढिगावर सिमेंटचे पक्के पाट टिकत नाहीत. एका ठिकाणी नव्या कोऱ्या पाटाखाली माझा अख्खा हात कोपरापर्यंत आत गेला होता. वर सिमेंट शाबूत आणि खालून पाण्याने भराव धुऊन नेलेला. पाणी उतरवण्यासाठी मोठ्या दगडांचे रचीव पाट किंवा जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन वापरावे, कारण भराव बसला की तेही त्याच्याबरोबर वाकतात.

आता उताराचे गणित पाहू. कोळसा खाण विनियम, २०१७ प्रमाणे ढिगाचा उतार ३७.५ अंशांपेक्षा तीव्र चालत नाही, कोणतीही पायरी ३० मीटरपेक्षा उंच चालत नाही आणि एकंदर उतार १ उभ्याला १.५ आडवा याहून तीव्र चालत नाही. हे झाले ढीग कोसळू नये यासाठी. झाडे लावायची म्हटल्यावर एवढ्याने भागत नाही. ३० मीटरची पायरी ३७ अंशांत असली, तर पावसाचा थेंब अडथळ्याविना सुमारे ५० मीटर धावतो. तीच पायरी नुसती २८ अंशांपर्यंत निजवली, तर उतार सौम्य होतो खरा, पण त्याची लांबी ६४ मीटर होते आणि ओघळी तितक्याच पडतात. १० मीटरला एक अशी पायरी काढली, तर हीच धाव २१ मीटरवर येते. बहुतेक खाणींच्या पर्यावरण मंजुरीत २८ अंशांची अट असते. आपल्या खाणीच्या मंजुरीपत्रात काय आहे ते मागून घ्यावे.

आपली घळ माथ्यावरून सुरू झाली, हे तर शिकवण्यासारखे उदाहरण आहे. माथ्यावर डंपर फिरून फिरून जमीन फरशीसारखी घट्ट झालेली असते. पाणी जिरत नाही, साचते आणि सर्वांत सखल कड शोधते. माथ्याला आणि प्रत्येक पायरीला आतल्या बाजूला दोन-तीन टक्के उतार द्यावा, बाहेरच्या कडेला मातीचा बांध घालावा आणि आत जमलेले पाणी ठरावीक अंतरावरच्या दगडी पाटातून खाली न्यावे. पायथ्याला दगडी आधारभिंत, म्हणजे टो वॉल, तिच्या बाहेर ढिगाला वेढणारी चारी, ज्याला खाणीत गारलँड ड्रेन म्हणतात, आणि ती चारी नाल्याला मिळण्याआधी गाळ बसवणारी टाकी, एवढे असते तर सोयाबीनवाल्याशी आपली ओळखही झाली नसती.

यातले काहीही रोपवाटिकाधारकाचे काम नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९ पासूनच्या आणि नंतर वेळोवेळी सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या खात्यात पैसे भरावे लागतात. ढिगाला आकार देणे त्या आराखड्यात असतेच. तो हातात घेऊनच पुढचे बोलणे करा, आणि आकार दिलेला नसेल तर लेखी कळवून लागवड थांबवा. ढिगात कुठे धूर किंवा उबट वास येतो का, तेही पाहा. कोळशाचा चुरा आणि कोळसट शेल आतून आपोआप धुमसतो आणि अशा जागी झाड लावणे म्हणजे तव्यावर लावणे.

सामू साडेसात

ओबीवाले साहेबांनी उताराविषयी लिहिले, मी अहवालाविषयी लिहितो. माझी नाशिकमध्ये माती-पाणी परीक्षणाची प्रयोगशाळा आहे. आमच्याकडे येणारे नव्वद टक्के नमुने द्राक्षबागांचे असल्याने ही चूक आमच्याकडूनही एकदा झाली आहे, हे प्रांजळपणे सांगतो.

सेंद्रिय कर्बाची आपली नेहमीची चाचणी डायक्रोमेट आणि गंधकाम्लाने होते. जे कर्ब त्यात जळते, ते सेंद्रिय धरले जाते. शेतात ते बरोबर असते. कोळशाचा चुरा मिसळलेल्या नमुन्यात मात्र कोळशातलेही काही कर्ब जळते, आणि पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे कर्ब यंदाच्या शेणखताच्या खात्यात जमा होते. त्या कर्बात ना नत्र असते, ना जिवाणूंना खाण्याजोगे काही. म्हणून ‘अत्यंत जास्त’ हा शेरा खोडून टाका आणि त्याऐवजी उपलब्ध नत्र व स्फुरद पाहा. ते बहुधा तळाला असतील.

दुसरे असे, की आम्ही नमुना दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतो आणि खाली पडलेल्या बारीक मातीचीच तपासणी करतो. ओबीच्या नमुन्यात चाळणीवर किती उरले, हीच खरी बातमी असते आणि ती अहवालात छापली जात नाही. दहा किलोतले सात किलो दगड असतील, तर अहवाल उरलेल्या तीन किलोंचा आहे. आपल्या करंजाच्या मुळ्या पिशवीच्या आकारात का राहिल्या, याचे उत्तरही इथेच आहे. पिशवीतली काळी माती बारीक पोताची आणि भोवती मोठ्या पोकळ्यांचा मुरूम. काळ्या मातीतले पाणी अशा भरड थरात सहजी उतरत नाही आणि बाहेरचा ओलावा आत येत नाही. ते रोप जमिनीत लावलेले असूनही कुंडीतच वाढत होते, आणि उन्हाळ्यात कुंडीला पाणी कोणी घातले नाही.

सामू ७.८ आहे म्हणून निश्चिंत राहू नये. शेलमध्ये पायराइट, म्हणजे लोहाचे सल्फाइड असेल, तर हवा आणि पाणी लागल्यावर त्याचे गंधकाम्ल बनते आणि आज उदासीन असलेली माती काही पावसाळ्यांत आम्ल होते. आसामच्या माकुम क्षेत्रात कोळशातच गंधक भरपूर असल्याने हा प्रश्न फार उग्र आहे. विदर्भातल्या कोळशात गंधक त्या मानाने पुष्कळ कमी असते. तरीही शेलचा वेगळा नमुना घेऊन तो सहा-आठ आठवडे ओलसर आणि हवेशीर ठेवावा व सामू पुन्हा मोजावा. खर्च काहीच नाही, फक्त धीर लागतो.

आणि त्या पांढऱ्या ढेकळांविषयी. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर एका काचेच्या पेल्यात घ्या, त्यात हरभऱ्याएवढे कोरडे ढेकूळ हलकेच सोडा आणि पेला न हलवता पाहा. ढेकूळ नुसते फुटून खाली बसले तर ठीक. त्याच्याभोवती दुधासारखा धुरळा पसरून तो तासन्‌तास खाली बसला नाही, तर ती सोडियमयुक्त, पाण्यात विरघळल्यासारखी सुटणारी चिकणमाती आहे. अशा मातीत घळी नुसत्या वरून पडत नाहीत, आतून बोगदे पडतात. नळाचे किंवा बोअरचे पाणी मात्र घेऊ नका, त्यातल्या क्षारांनी निकाल फसतो.

खताबाबत एकच सांगतो. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर साखर कारखान्यातले प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी मायकोरायझा बुरशी एकत्र वापरून झाडे उभी करून दाखवली. घमेलेभर काळ्या मातीपेक्षा खड्ड्यातल्याच मुरमात प्रेसमड किंवा कुजलेले शेणखत कालवणे केव्हाही बरे, म्हणजे आतले आणि बाहेरचे असा भेद राहत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख नेऊन टाकावी का, असे कोणी ना कोणी विचारतेच. तर चाचणीशिवाय टाकू नये, कारण राखेतले बोरॉन आणि क्षार रोपांना बाधू शकतात, आणि नाशिकहून वणीला राख नेणे म्हणजे ज्या मुलखातून कोळसा येतो तिथेच त्याची राख भाडे भरून परत पाठवणे.

पवन्या

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझे टोपणनाव एका गवताचे आहे, त्यावरून माझा कल कळला असेलच. मखमलाबादकर दादा, आपण उतारावर आधी झाडे लावलीत, ही माझ्या मते मूळ चूक आहे. एक वर्षाचे रोप हात-दोन हात उंच असते आणि दोन रोपांमधली दोन-तीन मीटर जमीन उघडी राहते. पावसाचा थेंब त्या उघड्या जमिनीवर आदळतो, माती उडवतो, बारीक कणांनी पृष्ठभागाची छिद्रे बुजवतो, आणि मग पाणी जिरण्याऐवजी पळू लागते. आधी सालकाढी धूप, म्हणजे मातीचा पातळ थर निघून जाणे, मग ओघळी, मग घळ. याला पहिल्या साठ दिवसांत फक्त गवतच अडवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी खाणकाम संपलेल्या जमिनीवर चारा आणि वनस्पती उगवतील अशा रीतीने पुन्हा गवत आणण्याची अट खाणपट्ट्यांना घालावी असे सांगितले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची फारशी चर्चा झाली नाही. मला मात्र निकालात ‘गवत’ आले याचाच आनंद झाला होता.

उतारासाठी दीनानाथ, अंजन, मारवेल ही गवते आणि त्यांच्यासोबत नत्र स्थिर करणारे स्टायलो व ताग असे मिश्रण घ्यावे. दीनानाथ पहिल्याच वर्षी झपाट्याने वाढून जमीन झाकते, तोवर बहुवर्षायू अंजन आणि मारवेल मुळे धरतात. अंजनाचे बी नुकतेच झडलेले घेऊ नये, कारण ते काही महिने सुप्तावस्थेत असते. मागच्या हंगामाचे जुने बी चांगले उगवते. ते हलके आणि केसाळ असल्याने वाऱ्याने उडते, म्हणून शेण, बारीक माती आणि बी एकत्र कालवून लहान गोळ्या कराव्यात आणि पाऊस येण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकाव्यात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गवतांवर आणि चारापिकांवर बरीच वर्षे काम चालते, तिथे बियाण्याची चौकशी करता येईल.

गोळ्या रुजेपर्यंत उतार झाकण्यासाठी काथ्याची जाळी अंथरतात. ती दोन-तीन वर्षांत कुजून जाते, तोवर तिचे काम झालेले असते. पण ती महाग आहे, म्हणून फक्त जिथे घळ पडली तिथे वापरावी. बाकी ठिकाणी वणीच्या परिसरात फुकट मिळणारी एक उत्तम वस्तू आहे, ती म्हणजे पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर शेतकरी ती पेटवून देतात. तिच्या मनगटाएवढ्या जाड पेंढ्या बांधून उताराला आडव्या, खुंट्या ठोकून बसवल्या की प्रत्येक पेंढीच्या वरच्या अंगाला बोटभर गाळ थांबतो, आणि बी नेमके त्या गाळातच रुजते. पाणी पेंढीतून झिरपून पुढे जाते, साचत नाही. ओबीवाले साहेबांची अटही त्यात सांभाळली जाते. पायरीच्या कडेला आणि दगडी पाटांच्या दोन्ही बाजूंना वाळ्याची सलग ओळ लावावी, ठोंबांमध्ये वीतभरापेक्षा जास्त अंतर ठेवू नये. वाळ्याची मुळे सरळ खाली खोल जातात, म्हणून भराव धरून ठेवायला त्याच्या तोडीचे गवत नाही.

झाडे फक्त पायऱ्यांवर आणि माथ्यावर, तीही जमीन रिपरने (यंत्रामागच्या लोखंडी दातांनी) खोल फोडून घेतल्यावर लावावीत. मोठे रोप लावले की अधिकाऱ्यांना फोटोत बरे दिसते, पण मोठ्या रोपाची पाने जेवढे पाणी मागतात तेवढे त्याची मुळे अशा जमिनीत देऊ शकत नाहीत. आठ-दहा इंचांची, रूट ट्रेनरमध्ये, म्हणजे मुळे सरळ खाली वळवणाऱ्या खाचांच्या कपात वाढवलेली रोपे घ्यावीत, आणि खैर, बोर, सीताफळ, पळस यांचे बी सरळ जागेवर टाकावे; बियाणे वणी-चंद्रपूरकडच्या जंगलातले असावे. नाशिकच्या हवेत वाढलेले रोप रात्रभर उघड्या ट्रकमध्ये वाऱ्याने सुकत जाऊन, ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या मुलखात उतरते, हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. आपला धंदा रोपांचा आहे हे ठाऊक असूनही सांगते, की यंदा एक हंगामी रोपवाटिका तिकडेच टाका. सुबाभूळ मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी लावू नका. ती वाढते खरी, पण नंतर दुसरे काही वाढू देत नाही.

एक धोका सांगायचा राहिला. दीनानाथ फेब्रुवारीत वाळून कोरडे होते आणि एका विडीने सगळा ढीग पेटू शकतो. दिवाळीनंतर गावकऱ्यांना ते कापून न्यायला बोलवा. चारा त्यांना मिळेल, आगीचा धोका आपला टळेल; गुरे राखायला वेगळा माणूस ठेवावा लागणार नाही.

खडीवाले

विषयाला धरूनच विचारतो. आमच्या कुटुंबाची नाशिक तालुक्यात एक जुनी दगडखाण आहे, दगड काढणे बंद होऊन सहा वर्षे झाली. वरची गवताची आणि पऱ्हाटीच्या पेंढ्यांची पद्धत तिथे चालेल का?

ओबीवाला

फारशी नाही. कोळशाच्या खाणीत प्रश्न सुट्या भरावाचा असतो, आपल्याकडे तो उभ्या कातळाचा आणि खड्ड्याचा आहे. बेसाल्टच्या उभ्या भिंतीवर धूप होण्याजोगी मातीच नसते. कडेला टाकलेला मुरमाचा ढीग असेल तर तेवढ्यावर पवन्याताईंची पद्धत जशीच्या तशी वापरा. भिंतीसाठी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहीन. तूर्त काठाला कुंपण असू द्या.

मखमलाबादकर

सर्वांचे आभार. दहा दिवस उत्तर दिले नाही, कारण सांगितलेले करून पाहत होतो.

पांढरे ढेकूळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकून पेला खिडकीत ठेवला. पाच मिनिटांत त्याच्याभोवती धुके पसरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी ताकासारखेच होते. पिवळ्या वाळूखडकाचा चुरा मात्र लगेच खाली बसला. चाळणीही करून पाहिली; तीन ठिकाणच्या नमुन्यांत निम्म्याहून अधिक वजन चाळणीवरच राहिले. ही दोन्ही छायाचित्रे कंत्राटदाराला पाठवली, तेव्हा ‘उत्तम जमीन’ हा शब्द त्याच्या पत्रातून गेला.

बंद करण्याच्या आराखड्याची प्रत मागितली आहे. ती येईपर्यंत आणि माथ्याचा उतार आत वळवून मिळेपर्यंत उतारावर एकही रोप लावणार नाही, असे लेखी दिले. त्याने यंदाच्या हंगामासाठी गवत, वाळा आणि पऱ्हाटी एवढे मान्य केले आहे. रोपे फक्त दोन पायऱ्यांवर, सहाशे, तीही पुढच्या जुलैत. पैसे कमी होतील, पण पुन्हा भरपाई देण्यापेक्षा परवडेल. त्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याकडेच पऱ्हाटी ठरवली आहे. त्याने पेंढीमागे दर सांगितला आहे आणि तो मागच्या वर्षीचे लक्षात ठेवूनच सांगितला आहे, हे उघड आहे.

सामू साडेसात साहेब, पांढऱ्या मातीच्या पट्ट्यात सोडियम हटवण्यासाठी जिप्सम टाकायचे झाल्यास ते द्राक्षबागेत टाकतो तसे वरून पसरावे, की पाट काढण्याआधी भरावात कालवून घ्यावे?

सामू साडेसात

कालवूनच घ्या. वरून पसरलेले पहिल्या पावसात ओघळींबरोबर खाली जाईल. किती टाकायचे ते नमुन्यातले विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेले) सोडियम मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पांढऱ्या थराचा दोन किलो नमुना कोरडा करून, कापडी पिशवीत घालून पाठवा, आणि तो ढिगाच्या कोणत्या पायरीवरचा आहे ते चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, शाई ओलाव्याने पुसली जाते.